मौजे ऑर्नडेलची मोजणी

मधू खांबेटे पार्सलं पोचवतो. ब्लॅकटाउनपासून विंडसरपर्यंत रोज सव्वाशे-दीडशे दारांसमोर त्याची पांढरी व्हॅन थांबते. काय करतोस असं कोणी विचारलं, तर "कुरियर" एवढंच सांगून तो विषय संपवतो. पण कोणाच्या घरापुढे उभा असला की त्याचं लक्ष दाराकडे नसतं, कुंपणाकडे असतं. "यांनी दीड फूट पुढे घेतलंय," असं तो पार्सलावरची सही घेता घेता म्हणून जातो. ऑस्ट्रेलियात येण्याआधी सोळा वर्षं तो पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्यात भूकरमापक होता. लोक म्हणत, मोजणीवाले साहेब.

पेंडल हिलला आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या मधल्या कुंपणाची फळी पडली, तेव्हा आमची ओळख झाली. फळी बसवायच्या आधी त्याने मला टेपचं टोक धरून उभं केलं आणि अर्धा तास मोजमाप केलं. माझं आयुष्य ऑफिसात गेलं, कागद जिथल्या तिथे असावेत हा माझा स्वभाव, त्यामुळे मला हा माणूस आवडला. वयाने तो माझ्याहून सात वर्षांनी लहान, आता सत्तावन्नचा. पहिल्या दिवसापासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो.

त्याची बायको विनिता नर्स. दोन हजार आठ साली व्हिसा तिच्या नावावर मिळाला. चार वर्षांची मयूरा आणि दोन बॅगा घेऊन मधू तिच्या मागून आला. इथे त्याचा अनुभव कोणी धरला नाही. परीक्षा द्यायला हव्या होत्या. विनिताच्या शिफ्ट, मयूराची शाळा, भाड्याचं घर या सगळ्यात त्या राहून गेल्या. कुरियरचं काम तात्पुरतं म्हणून धरलं आणि तेच चालू राहिलं.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी त्याला सेव्हन हिल्सच्या एका गल्लीत रस्त्याकडेला एक खोका दिसला. काउन्सिल मोठा कचरा उचलते त्या आठवड्यात लोक जुनी कपाटं, गाद्या, पंखे फुटपाथवर मांडून ठेवतात, त्यातलाच. खोक्यात चाळीस वर्षांपूर्वीचं खेळाचं यंत्र होतं. टीव्हीला जोडायचं, वरून कॅसेटसारखी चौकोनी डबी खुपसायची आणि हातातल्या बटणांनी पडद्यावरचा माणूस चालवायचा. मयूरासाठी म्हणून त्याने ते उचललं. मयूरा तेव्हा पंधरा वर्षांची.

"डॅड, दॅट्स एन्शंट," ती म्हणाली आणि तिच्या खोलीत निघून गेली.

खोक्यातल्या तीन डब्यांपैकी दोन चालल्या नाहीत. तिसरीचं नाव 'ऑर्नडेल'. मधूने ती लावून पाहिली, ते फक्त यंत्र चालतंय की नाही हे बघायला. पडद्यावर नखाएवढा एक माणूस, हातात तलवार, भोवती हिरवं रान. कुठे जायचं, काय करायचं, काहीच सांगितलेलं नाही. माणूस पडद्याच्या उजव्या कडेला पोचला की पापणी लवायच्या आत चित्र बदलतं आणि पुढचा मुलूख दिसतो. श्वापदं अंगावर येतात. ती मारली की त्या माणसाच्या अंगात बळ वाढतं. कुठे कंदील सापडतो, कुठे तराफा, कुठे किल्ली, आणि आधी बंद असलेली वाट उघडते. अशा खेळांचा एक काळ होता. पोरं महिनोन्महिने एकाच मुलखात भटकायची.

मधूने मात्र पहिल्याच दिवशी वेगळी गोष्ट केली. त्याने चौकोन मोजले. जमीन सारख्या चौकोनी घरांची बनलेली होती आणि एका पडद्यावर आडवी घरं होती बरोबर सोळा.

तो कुंपणापाशी येऊन मला हाका मारायला लागला. "हेमचंद्र, सोळा आहेत! सोळा!"

"कसले सोळा?"

"आणे!"

मग त्याने मला समजावलं. नोकरीला लागला तेव्हा जुन्या लोकांनी त्याला शंकू साखळीवर मोजायला शिकवलं होतं. लोखंडी कड्यांची तेहतीस फुटी साखळी, तिचे सोळा भाग, एकेका भागाला म्हणायचं आणा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. पुढे तिपाईवर ठेवून नकाशा काढायचं प्लेन टेबल आलं, मशीनं आली, पण हाताला वळण लागलं ते साखळीचं. आणि इथे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कचऱ्यात सापडलेल्या खेळात, एक पडदा म्हणजे पुरती एक साखळी. उंचीला मात्र अकराच आणे भरले. त्याचं त्याला थोडं वाईट वाटलं.

त्या दिवसापासून मौजे ऑर्नडेलची मोजणी सुरू झाली. नकाशाच्या माथ्यावर त्याने हेच लिहिलं आहे, 'मौजे ऑर्नडेल', आणि खाली तालुका, जिल्हा या रकान्यांत आडव्या रेघा. गॅरेजमध्ये जुन्या दाराची फळी दोन खुर्च्यांवर टाकून त्याने टेबल केलं. शनिवार-रविवार दुपारी दोन-दोन तास तो बसायचा. आधी कच्चं टिपण पेन्सिलीने वहीत, मग शाईने मोठ्या कागदावर. दगड, झाड, पाणी, पायवाट, प्रत्येकाची खूण सरकारी नकाशातलीच. श्वापदं मारायची ती मोजणीच्या आड येतात म्हणून.

"तिकडेही हरकतदार असायचेच," तो म्हणायचा. "हे निदान दगड मारत नाहीत."

पाच वर्षांत चौऱ्याण्णव पडदे झाले. इंटरनेटवर या खेळाचा नकाशा आहे, असं मयूरा म्हणाली. तिने काढून दाखवला तर तो निम्मा होता आणि त्यातही तळं चुकीच्या जागी. त्यानंतर ती पुन्हा त्या बाबतीत बोलली नाही, उलट अधूनमधून येऊन मागे उभी राहायला लागली.

मग घोळ झाला. ऑर्नडेलच्या पश्चिमेला एक देऊळ आहे आणि पूर्वेला एक तळं. देवळापासून तळ्यापर्यंत दोन वाटा जातात. एक वरून, डोंगर चढून. दुसरी डोंगराखालच्या बोगद्यातून. वरून मोजलं तर अंतर भरलं बारा साखळ्या. बोगद्यातून मोजलं तर अकरा. तळं एकच, पण कागदावर ते दोन जागी पडत होतं. एका साखळीची तफावत.

मधूने पुन्हा मोजलं. वरची वाट जाताना बारा, येताना बारा. बोगद्यातून परत येता येत नव्हतं, तिथे एका कड्यावरून खाली उडी टाकावी लागते आणि नंतर वर चढता येत नाही. त्यामुळे बोगदा फक्त जातानाच मोजता येई. तीनदा मोजला, तिन्ही वेळा अकरा.

मयूरा म्हणाली, "डॅड, इट्स अ गेम. इट डझन्ट हॅव टू ॲड अप."

"ज्याने केला त्याने आधी चौकटीच्या कागदावर काढला असणार," मधू म्हणाला. "बाकी चौऱ्याण्णव ठिकाणी त्याचं जुळतंय. इथेच का चुकेल? एक तर तो चुकला, नाही तर मी."

त्याने नकाशात तळ्याच्या अलीकडे एक साखळी रुंदीची पट्टी कोरी सोडली आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'तफावत १ साखळी. कारण समजले नाही.' पाच महिने ती पट्टी तशीच होती. मी गॅरेजमध्ये गेलो की माझी नजर आधी तिच्यावरच जाई. सुंदर काढलेल्या नकाशाच्या अंगावर ती पांढरी पट्टी पडलेल्या दातासारखी दिसे.

आता जूडिथ मर्टनबद्दल. सेव्हन हिल्सला तिचं मोजणीचं छोटं ऑफिस आहे, सहा माणसांचं. घर बांधायच्या आधी, कुंपण घालायच्या आधी लोक तिच्याकडे येतात. मधू तिथे आठवड्यातून दोनदा पार्सलं टाकायचा. फेब्रुवारीत एका दुपारी तिचा पोरगेलासा माणूस आवारात तिपाई उभी करून यंत्र तपासत होता. मधूने पार्सल खाली ठेवलं आणि म्हणाला, "मेट, तुझा तिसरा पाय खचतोय. खाली डांबर मऊ झालंय." तसंच निघालं. जूडिथ खिडकीतून बघत होती. बाहेर येऊन तिने दोन-चार प्रश्न विचारले. शेवटी ती म्हणाली, की मला फील्डवर एक हात कमी पडतोय, पुढच्या शुक्रवारी सकाळी साडेसातला ये, आणि स्वतःच्या हाताने मोजून काढलेलं काहीतरी घेऊन ये.

रविवारी दुपारी मी गेलो तेव्हा खांबेट्यांच्या घरात याच गोष्टीवरून वाजलेलं होतं.

"भावजी, तुम्हीच सांगा याला," विनिता म्हणाली. "सतरा वर्षांनी एक संधी आली, आणि हा इंटरव्ह्यूला व्हिडिओ गेम घेऊन जाणार!"

"मग काय नेऊ? गावांचे नकाशे सरकारचे, ते कचेरीत राहिले. माझ्या हातचं एवढंच आहे."

"ने बाबा. पण ती पट्टी? कोणीही बघितलं की पहिला प्रश्न तोच विचारणार. आजूबाजूला जरासं सरकवून घे ना. इकडे दोन घरं, तिकडे चार घरं. कोण मोजायला बसलंय?"

मला विनिताचं पटत होतं आणि मी तसं म्हणालोही. एका कल्पित मुलखातल्या एका कल्पित बोगद्यासाठी माणसाने खरी नोकरी का पणाला लावावी?

"सरकवलं की जुळतं," मधू म्हणाला. "म्हणूनच नाही सरकवायचं. एकदा सरकवलं की चूक कुठे होती ते पुन्हा कोणालाच सापडत नाही. मलासुद्धा नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मला निमताना हवी."

निमताना म्हणजे फेरमोजणी. पहिल्या मोजणीवर हरकत आली की दुसरा, वरच्या हुद्द्याचा माणूस येऊन पुन्हा मोजतो, आधीच्या आकड्यांकडे न बघता.

"मयूराला सांग," मी म्हणालो.

"ती धावते. मला चालणारा पाहिजे. तू बस."

मी आयुष्यात असलं यंत्र हातात धरलं नव्हतं. विनिता हसायला लागली. मयूरा सोफ्याच्या हातावर येऊन बसली, फोन उपडा ठेवून. मधूने मला पेन्सिल आणि कोरी वही दिली, आणि आधीच्या वह्या कपाटात ठेवून दिल्या. बटणं चार दिशांची, एक तलवारीचं, एक कंदिलाचं. देवळाच्या मागे जिना होता, तिथून खाली.

पहिली पाच मिनिटं मी भिंतीलाच चालवत होतो.

"अंकल, राइट. द अदर राइट," मयूरा म्हणाली.

"बोलू नकोस," मधू तिच्यावर ओरडला. "निमताना चालू आहे."

कंदिलाच्या पिवळ्या वर्तुळात बोगद्याच्या भिंती दिसत होत्या. एका वटवाघळाने मला दोनदा मारलं. चित्र बदललं की मी थांबून वहीत एक रेघ ओढत होतो. चार रेघा झाल्या, मग तो कडा आला. उडी टाकली. समोर काळं पाणी.

"आता पाण्यात उतरलास की कंदील विझेल," मधू म्हणाला. "काही दिसणार नाही. उजवं बटण दाबून धर आणि अजिबात सोडू नकोस. मी घड्याळ लावतो."

तो तिथलं अंतर असंच मोजत आला होता. अंधारात पडदा बदललेला कळत नाही. पण त्या माणसाची चाल कायम एकसारखी असते, उजेडात सोळा घरं तो चार सेकंदांत जातो. अंधारात आठ सेकंद लागतात, म्हणजे दोन साखळ्या. अलीकडे चार, मधे दोन, पलीकडे पाच, एकूण अकरा. हिशेब सरळ होता. अट एवढीच, की अंगठा उचलायचा नाही. नाही तर चाल मोडते आणि वेळ चुकतो. मधूने तिन्ही वेळा अंगठा उचलला नव्हता.

मी पाण्यात उतरलो. सगळा टीव्ही काळा झाला. आवाजही बंद. मला वाटलं, माझ्या हातून यंत्र बंद पडलं. मी दोन्ही हात वर केले आणि तो बटणांचा डबा मांडीवरून खाली गालिच्यावर पडला.

"मधू, मी काही केलं नाही. आपोआप गेलं."

"अरे, दाबून धर म्हटलं ना! सोडलंस कशाला?"

"बंद पडलंय ते."

"बंद नाही पडलं, अंधार आहे! उचल, उचल. गेली मोजणी. आता पहिल्यापासून."

विनिता म्हणाली, "ओरडू नकोस रे त्यांच्यावर. त्यांनी कुठे मागितलं होतं?" आणि मला म्हणाली, "भावजी, चहा टाकते, सोडा ते."

मी खाली वाकून डबा शोधत होतो. तो सोफ्याखाली सरकला होता. तेवढ्यात मयूरा म्हणाली, "डॅड."

मधू घड्याळ पुन्हा शून्यावर आणत होता.

"डॅड. ही इज आउट."

टीव्हीवर पलीकडचा वाळूचा काठ दिसत होता आणि काठावर तो नखाएवढा माणूस उभा होता. पाण्यातून बाहेर आलेला. डबा अजून सोफ्याखालीच होता.

मधू टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. "तू दाबलंस?"

"मी काहीच दाबलं नाही."

"मयूरा, तू?"

"आय डिडन्ट टच इट!"

मग मधू हळूच म्हणाला, "पाणी वाहतंय."

मी आजवर अनेक हुशार माणसं पाहिली, पण एखाद्याच्या चेहऱ्यावर गोष्ट उलगडत जाताना इतकी स्पष्ट कधी पाहिली नाही. तीन वेळा तो त्या पाण्यातून गेला होता, तीनही वेळा शिस्तीने अंगठा दाबून. उभं राहून बघायचं त्याच्या मनातच आलं नाही, कारण उभं राहायचं नाही हाच नियम होता. पाणी त्याला पुढे ढकलत होतं आणि तो समजत होता की आपण चालतोय.

आम्ही तो भाग पुन्हा केला. या वेळी मी पाण्यात उतरताक्षणी अंगठा उचलला आणि मधूने घड्याळ पाहिलं. चोवीस सेकंदांनी माणूस आपोआप काठाला लागला. पुन्हा केलं, पुन्हा चोवीस. मग मधूने दाबून धरून केलं, आठ.

मग आम्ही सगळे गॅरेजमध्ये आलो. विनिताचा चहा निवत होता. मधू दाराच्या फळीवर ओणवा होऊन लिहीत होता आणि मोठ्याने बोलत होता. "चालण्याचा वेग सेकंदाला चार घरं. पाण्याचा माहीत नाही. नुसत्या पाण्याने चोवीस सेकंद, पाणी आणि चालणं मिळून आठ. म्हणजे तिप्पट वेग. पाण्याचा वेग दोन असेल तर दोन आणि चार सहा, सहा म्हणजे दोनाच्या तिप्पट. बरोबर. सहा आठे अठ्ठेचाळीस. दोन गुणिले चोवीस, तेही अठ्ठेचाळीस."

"आणि सोळा त्रिक अठ्ठेचाळीस," मी म्हणालो.

"तीन साखळ्या," मधू म्हणाला. "दोन नव्हे, तीन. चार, तीन, पाच. बारा."

मयूराने टाळ्या वाजवल्या. मधू खुर्चीवर बसला आणि बराच वेळ नुसता हसत राहिला. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या तरी ऑफिसात बसून कोणी तरी हा डोंगर काढला होता, आणि त्या माणसाने कोणाला कधी दिसणार नाही अशा काळोखातसुद्धा अंतर बरोबर राखलं होतं. याचं त्याला फार कौतुक वाटत होतं. आपण चुकलो याचं दुःख कुठे दिसलं नाही.

पण शुक्रवार पाच दिवसांवर होता. बोगद्याच्या पुढचा, तळ्याअलीकडचा सगळा भाग एका साखळीने पूर्वेला सरकवायला हवा होता. शाईने काढलेले पाच पडदे, त्यांतलं प्रत्येक झाड. कामावरून येऊन रोज तासभर मिळणार. नव्याने काढायला तीन आठवडे सहज लागले असते.

"आय कॅन स्कॅन इट," मयूरा म्हणाली. "पाच मिनिटं. कट करते, मूव्ह करते, प्रिंट. यू वोन्ट ईव्हन सी द जॉइन."

विनिता म्हणाली, "हे बेस्ट. आता तर खोटंही नाही. बरोबर आकडाच आहे."

मलाही यात काही गैर दिसेना. मी म्हणालो, "मधू, हे कर. स्वच्छ दिसेल."

मधू नकाशाकडे वळला. मग त्याने लाल शाईचं पेन घेतलं. कोऱ्या पट्टीतल्या 'कारण समजले नाही' या शब्दांवर एकच आडवी रेघ मारली, अशी की खालचं वाचता येईल. बाजूला लिहिलं, की बोगद्यातील पाणी वाहते, अंतर दोन नसून तीन साखळ्या, तफावत नाही, बोगद्यापुढील भाग पूर्वेस एक साखळी समजावा. खाली तारीख आणि सही. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"मी कशाला?"

"तू पंच. तुझ्यासमोर झालं."

मी सही केली. पण घरी जाताना मला वाटत होतं, की या माणसाने हातची नोकरी घालवली. इतका देखणा नकाशा आणि त्यावर ऐन दर्शनी लाल खाडाखोड.

शुक्रवारी मी त्याला गाडीने नेलं, कारण एवढा मोठा कागद गुंडाळी न करता न्यायचा होता. इस्त्रीचा शर्ट घालून तो मागच्या सीटवर नकाशा मांडीवर आडवा धरून बसला होता. जूडिथचं ऑफिस म्हणजे रस्त्याकडेची साधी शेड, बाहेर चिखल लागलेली, मागे उघडा हौदा असलेली यूट गाडी. मी गाडीतच थांबणार होतो, पण नकाशाचं दुसरं टोक धरायला आत जावं लागलं.

जूडिथ साठीची, उंच, उन्हाने रापलेली बाई. नकाशा टेबलावर पसरल्यावर तिने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला.

"हे कुठलं आहे?"

"कुठलंच नाही. जुन्या गेममधलं."

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती हसली नाही. तिने बोट पश्चिमेकडून फिरवत आणलं आणि लाल शाईपाशी थांबवलं. "आणि हे?"

मधूने सांगितलं. इंग्रजी तो तुटक बोलतो, पण आकडे सांगताना अडखळत नाही. जूडिथने टेबलावरचं एक पाकीट उलटं करून त्यावर स्वतः गणित केलं. दोन मिनिटं लागली. अठ्ठेचाळीस आले तेव्हा तिने त्याला गोल केला.

"पाच महिने तू ही पट्टी तशीच ठेवलीस?"

"हो."

"सगळीकडे थोडं थोडं वाटून का नाही टाकलंस? आठ-दहा ठिकाणी अर्धा अर्धा चौकोन. मला कळलं नसतं."

"मलाही कळलं नसतं," मधू म्हणाला. "नंतर."

"चूक शोधली कोणी?"

मधूने माझ्याकडे बोट केलं. "याने. याला खेळता येत नाही."

आता ती हसली, अगदी खळखळून. मग चष्मा काढून तिने सरळ सगळं सांगितलं. काम सकाळी साडेसहाला सुरू होतं. डोंगरउतारावर तिपाई खांद्यावरून न्यावी लागते. हाताने नकाशे आता कोणी काढत नाही, सगळं टॅब्लेटवर होतं आणि ते काम दुसरे करतात. मधूला फक्त मोजणीची काठी धरून सांगतील तिथे उभं राहायचं आहे, आणि सांगणारा तो डांबरावर तिपाई लावणारा चोवीस वर्षांचा मुलगा असणार. तीन महिने बघू. जमेल?

मधू नकाशाकडे बघत होता. मला वाटलं, तो नाही म्हणेल. सोळा वर्षं साहेब म्हणवून घेतलेला माणूस.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुमच्याकडे फेरमोजणी कोण करतं?"

"वेळ असेल तर आम्हीच करतो," जूडिथ म्हणाली. मग म्हणाली, "खरं सांगायचं तर वेळ नसतोच."

"मी काठी घेऊन उभा असेन तेव्हा उलटं एकदा मोजू. त्या मुलाला सांगा. दहा मिनिटं जातील."

"त्या मुलाला तूच सांग," ती म्हणाली. "सोमवारी, साडेसहा. बूट जाड घाल, गवतात साप असतात. नो वरीज?"

"नो वरीज," मधू म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याने विनिताला फोन केला. तिचा आवाज मला गाडीच्या पलीकडच्या बाजूलाही ऐकू आला. नंतर मयूराचा मेसेज आला, त्यात शब्द नव्हते, नुसती चित्रं होती. मी गाडी प्रॉस्पेक्ट हायवेला घेतली. मागच्या सीटवर मधूने नकाशा पुन्हा मांडीवर आडवा घेतला होता. मला वाटलं, आनंदाने बघतोय.

"हेमचंद्र," तो सिग्नलला म्हणाला, "वरची वाट बारा साखळ्या. जाताना बारा, येताना बारा."

"मग झालं की. जुळलं."

"पण दोन्ही वेळा मोजणारा मीच."

मी आरशात पाहिलं. तो नकाशावर बोट ठेवून डोंगराची वाट चढत होता.

"तू रविवारी दुपारी काय करतोयस?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, की मोकळा आहे.